एकाच चौकटीतील पराक्रम

करमणुकीचे काही प्रकार असे असतात की, त्यांची लोकप्रियता हीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली जाते आणि त्यांच्या गुणांची मीमांसा करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. पडद्यावरील खेळांच्या जगात हे दुर्दैव ज्याच्या वाट्याला सर्वाधिक आले, तो प्रकार म्हणजे ‘बीट-एम-अप’ या नावाने ओळखला जाणारा मारधाडीचा खेळ. त्याची रचना एका दमात सांगता येते: पडद्याच्या डाव्या कडेने एक किंवा अनेक वीर निघतात, रस्ते, पूल, गोदामे, आगगाड्या अशा स्थळांतून उजवीकडे चालू लागतात, वाटेत गुंडांच्या टोळ्या आडव्या येतात, त्या टोळीचा निकाल लागेपर्यंत पडदा तसूभरही पुढे सरकत नाही, आणि प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस, खेळणारे ज्याला ‘बॉस’ म्हणतात, असा एक बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा असतो. बुद्धिबळाचे गहन डावपेच येथे नाहीत आणि कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. तरीही सुमारे चार दशके हा प्रकार टिकून आहे, मध्यंतरी तो संपला असे जाणकारांनी ठरवल्यानंतरही आंतरजालाच्या आधाराने त्याने पुन्हा डोके वर काढले आहे, आणि एकमेकांपासून हजारो कोसांवर बसलेली माणसे रात्री ठरावीक वेळी एकत्र येऊन तो खेळत आहेत. या आकर्षणाचे कारण मारधाडीत शोधणारे मूळ मुद्दा चुकतात असे माझे मत आहे. या खेळाचे सामर्थ्य साहचर्यात आहे. आणि हे साहचर्य खेळणाऱ्यांच्या स्वभावावर सोपवलेले नसून खेळाच्या घडणीतच विणलेले आहे, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या घडणीचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. 1984 साली आयरेम या जपानी कंपनीने ‘कुंग-फू मास्टर’ हा खेळ आणला, तेव्हा त्यातील वीर एकटा होता आणि तो एकाच सरळ रेषेवर चालत होता. 1986 मध्ये टेक्नॉस या कंपनीसाठी योशिहिसा किशिमोतो यांनी, आपल्या शाळकरी वयातील उनाडक्यांच्या आठवणींतून, कुनिओ नावाच्या विद्यार्थ्यावर खेळ रचला आणि त्यात भूमीला खोली दिली. वीर आता डावी-उजवीकडेच नव्हे, तर पडद्याच्या आत आणि बाहेरही सरकू लागला, त्यामुळे शत्रूंनी वेढले जाणे आणि त्या वेढ्यातून वाट काढणे या दोन्ही गोष्टी प्रथमच अर्थपूर्ण झाल्या. पुढच्याच वर्षी किशिमोतो यांनी ‘डबल ड्रॅगन’मध्ये बिली आणि जिमी ली हे दोघे भाऊ एकाच वेळी रणात उतरवले. 1989 मध्ये कॅपकॉम कंपनीचा ‘फायनल फाइट’ आला. त्याच वर्षी कोनामी कंपनीने निन्जा कासवांच्या खेळात चौघांची सोय केली. आणि 1992 मध्ये त्याच कंपनीने ‘एक्स-मेन’च्या एका अवाढव्य यंत्रात दोन पडदे जोडून सहा जणांना खांद्याला खांदा लावून उभे केले. एका यंत्रापुढे जितकी माणसे अधिक, तितकी नाणी अधिक, हा या विस्तारामागील हिशेब उघड होता, आणि खेळणाऱ्याने सारखे नाणे टाकीत राहावे म्हणून हे खेळ मुद्दाम कठोर बनवले जात हेही खरे आहे. परंतु संस्थांचा उगम ज्या हेतूत होतो तो हेतू आणि त्या संस्थांनी समाजाला दिलेले फळ यांत नेहमी एकरूपता असतेच असे नाही. येथे हेतू गल्ल्याचा होता आणि फळ सहकार्याचे मिळाले.

त्या फळाचा अनुभव आपल्याकडील शहरांनीही घेतला आहे. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरांत, एका रुपयाच्या नाण्यावर, कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ असंख्य मुलांनी खेळला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकथाकाराच्या कृतीवर तो बेतलेला होता, पण त्याचे लांबलचक नाव आपल्या मुलांनी कधी उच्चारलेच नाही. त्यातील चार वीरांपैकी एकाच्या नावावरून तो सरसकट ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. एका वेळी तिघे खेळू शकत, आणि तिसरा भिडू नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या परक्या मुलालाही बोलावून घेतले जाई. त्या मुलाची शाळा कोणती, जात कोणती, वडिलांचा हुद्दा कोणता, यांपैकी कशाचीही चौकशी होत नसे. त्याला मागून येणारा गुंड दिसतो की नाही, एवढीच एक कसोटी होती.

आता या साहचर्याचे रचनागत कारण पाहू. ‘स्ट्रीट फायटर’सारख्या द्वंद्वाच्या खेळात दोघे खेळणारे परस्परांचे शत्रू असतात, तेथील नाते उत्कट असले तरी एकाच्या विजयात दुसऱ्याचा पराभव अटळ असतो. विस्तीर्ण त्रिमित भूप्रदेशाच्या आधुनिक खेळांत माणसे एका पक्षाची असली, तरी प्रत्येकाला आपापला स्वतंत्र दृष्टिकोन, आपापला पडदा आणि म्हणून आपापली वाट असते. बीट-एम-अपमध्ये मात्र सर्वांना मिळून एकच चौकट असते. पुढे धावणारा उतावळा वीर पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन अडतो, कारण मागे राहिलेला सोबती येईपर्यंत ती कड हलत नाही. आणि काही खेळांत तर मागे रेंगाळणाऱ्याला डावी कडच पुढे रेटते. कोणी कोणाला टाकून जाऊ शकत नाही, हा उपदेश येथे कोणीही करीत नाही. तो या जगाचा भौतिक नियमच आहे. नीतीचे जे तत्त्व एरवी शिकवणीने, दंडाने किंवा लज्जेने रुजवावे लागते, ते येथे गुरुत्वाकर्षणासारखे बिनतक्रार मान्य केले जाते, आणि म्हणूनच ते जाचक वाटत नाही.

याच नियमातून दुसरा एक दुर्मीळ गुण उद्भवतो. बहुतेक क्रीडाप्रकारांत कौशल्याची विषमता ही आनंदाची वैरीण ठरते. तरबेज आणि नवशिका समोरासमोर आले की एकाला कंटाळा येतो आणि दुसऱ्याला अपमान वाटतो. येथे ती विषमता सामावून घेतली जाते. ज्याचा हात बसलेला आहे तो प्रहारांची साखळी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेतील ‘कॉम्बो’, न तुटता लांबवीत नेतो, एका गुंडाला उचलून दुसऱ्या चौघांवर फेकतो, आणि संपूर्ण टोळीला एका बाजूस गोळा करून ठेवतो; ज्याने आजच दांडा हाती धरला आहे तो एकच बटण दाबीत राहतो, आणि तरीही त्याचा प्रत्येक ठोसा कोणाला तरी लागतो, उपयोगी पडतो. धाकट्या बहिणीला थोरल्या भावाबरोबर, बापाला लेकीबरोबर, अनभिज्ञाला निष्णाताबरोबर, कोणतीही खोटी सवलत न देता एकत्र खेळता यावे अशी ही व्यवस्था आहे. पुनरावृत्तीचा जो आक्षेप या खेळांवर घेतला जातो त्याचेही उत्तर येथेच आहे. तेच गुंड, तेच प्रहार, तीच वाट पुन्हा पुन्हा येते हे खरे. पण परिचित चाल असल्याखेरीज अनेकांना एका लयीत हालचाल करता येत नाही, आणि बोलण्याची गरज न उरता तू डावीकडे, मी उजवीकडे हे आपोआप ठरू लागले की त्या पुनरावृत्तीचे सार्थक होते.

हिंसेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याची बोळवण करणे योग्य होणार नाही. पडद्यावर सतत मारहाण चालू असते आणि ती पाहून माणूस कठोर होईल अशी भीती अनेक सुजाण पालकांना वाटते. या ठिकाणी आपल्या काव्यशास्त्राने केलेला एक भेद उपयोगी पडेल. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्र आणि वीर हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. रौद्राचा स्थायीभाव क्रोध, तर वीराचा स्थायीभाव उत्साह. बाह्य क्रिया दोहोंत सारखी दिसू शकते, तरी अंतरंग वेगळे असते. या खेळांत शत्रूचे दुःख रेंगाळून पाहण्यासाठी नसते. पडलेला गुंड क्षणभर लुकलुकतो आणि नाहीसा होतो. खेळणाऱ्याच्या मनात त्या आकृतीविषयी द्वेष नसतो, असतो तो पुढच्या पावलाविषयीचा उत्साह, आणि तो सोबत्याच्या उपस्थितीने द्विगुणित झालेला असतो. या प्रकारातील प्रत्येक कृती निर्दोष आहे असा दावा मी करणार नाही, आणि फार लहान मुलांच्या हाती त्या सरसकट द्याव्यात असेही म्हणणार नाही; परंतु रौद्राचा ठपका वीरावर ठेवला तर निदानच चुकते.

शिवाय भरताने वीराचे जे तीन भेद सांगितले, त्यांत युद्धवीराच्या बरोबरीने दानवीर आणि धर्मवीर यांनाही स्थान आहे, आणि या खेळांचे जे अंग बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही ते नेमके दानवीराचे आहे. पिंपे आणि खोकी फोडली की त्यांतून भाजलेली कोंबडी, सफरचंद किंवा पिझ्झा निघतो आणि तो खाल्ल्याने घटलेली प्राणशक्ती भरून येते. पण तो एकच असतो आणि माणसे दोन, तीन किंवा चार असतात. अशा वेळी ज्याची शक्ती अधिक उरली आहे त्याने तो पदार्थ ओलांडून पुढे जावे आणि जो मरणाच्या दारात आहे त्याच्यासाठी ठेवावा, असा एक अलिखित शिरस्ता खेळणाऱ्यांत आहे. तो मोडण्याची मुभा सर्वांना आहे, आणि अधाशी भिडू तो मोडतोही. म्हणून तर तो पाळण्याला मोल येते. अलीकडच्या रचनाकारांनी ही वृत्ती ओळखून तिला नियमांत जागा दिली आहे: ‘कॅसल क्रॅशर्स’ या 2008 सालच्या खेळात पडलेल्या सोबत्याजवळ बसून त्याला शुद्धीवर आणता येते, आणि 2022 मध्ये आलेल्या ‘श्रेडर्स रिव्हेंज’ या निन्जा कासवांच्या नव्या खेळात हातावर टाळी देऊन आपल्या शक्तीचा अंश दुसऱ्याला देता येतो.

आणि हे साहचर्य भाबडे नाही. ‘डबल ड्रॅगन’मध्ये भावाचा ठोसा भावालाही लागतो, आणि दोघेही अखेरपर्यंत जिवंत राहिले तर ज्या स्त्रीला सोडवण्यासाठी ते निघाले तिच्यासाठी त्यांना परस्परांशी लढावे लागते. 1991 सालच्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’मध्ये अंतिम खलनायक वीरांना आपल्या चाकरीत येण्याचा प्रस्ताव देतो, दोघांपैकी एकाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला की क्षणापूर्वीचे सहयोद्धे समोरासमोर उभे ठाकतात. ज्या मैत्रीत विश्वासघात शक्यच नाही ती मैत्री म्हणजे केवळ यांत्रिक जोडणी होय, हे या रचनाकारांना सुरुवातीपासून उमगले होते. त्यांना जे उमगले नव्हते तेही नोंदवले पाहिजे. पळवून नेलेली स्त्री आणि तिला परत आणणारे पुरुष, या एकाच कथासूत्रावर या प्रकाराने वर्षानुवर्षे गुजराण केली, आणि स्त्रीला बक्षिसाच्या पातळीवर आणून ठेवले. 2019 मध्ये ‘रिव्हर सिटी गर्ल्स’ने त्याच कुनिओच्या दुनियेत मिसाको आणि क्योको या दोन मुलींना आपल्या मित्रांच्या सुटकेसाठी रस्त्यावर उतरवले, तेव्हा ती चूक निदान एका ठिकाणी तरी दुरुस्त झाली.

पार्लरे बंद पडली, आणि हा सारा प्रपंच आंतरजालावर आला, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली. येथे शत्रू होते ते अंतर. हे खेळ साधारणपणे सेकंदाला 60 चित्रांच्या गतीने चालतात, म्हणजे एका चित्राला सुमारे 17 मिलिसेकंद मिळतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. पुण्यातील मित्र आणि न्यू जर्सीत नोकरीनिमित्त गेलेला त्याचा मित्र यांच्यामध्ये 12 हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे, म्हणजे आदर्श परिस्थितीतही एकाचा ठोसा दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास 60 मिलिसेकंदांहून अधिक, अर्थात तीन-चार चित्रांचा अवधी लागतो, आणि प्रत्यक्षातील वळणांमुळे तो आणखी वाढतो. दोघांच्या आज्ञा हाती आल्याशिवाय पुढचे चित्र काढायचे नाही ही जुनी पद्धत. तिच्यामुळे संपूर्ण खेळ चिखलातून चालल्यासारखा मंद होई, आणि ‘लॅग’ हा शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा बसला. टोनी कॅनन यांनी 2006 च्या सुमारास द्वंद्वाच्या खेळांसाठी ‘जीजीपीओ’ ही प्रणाली तयार केली आणि ‘रोलबॅक’ची पद्धत प्रचारात आणली. या पद्धतीत आपले यंत्र दूरच्या भिडूची वाट पाहत थांबत नाही. तो आता जे करीत होता तेच पुढच्या क्षणीही करील असे गृहीत धरून चित्र काढते, आणि खरी आज्ञा येऊन पोहोचल्यावर अंदाज चुकल्याचे आढळले तर काही चित्रे मागे जाऊन, निमिषात सर्व काही पुन्हा गणून दुरुस्त करते. मैफलीतला जाणता तबलजी गायकाचा रोख ओळखून समेपूर्वीच तयार असतो आणि गायकाने वळण बदलले तर श्रोत्यांना न कळता सावरून घेतो, तशीच ही साथ असते. याच तंत्राच्या जोरावर आज नव्या कृतीच नव्हे, तर पार्लरांतील जुने खेळही ‘फाइटकेड’सारख्या सुविधेमुळे दूरदूरचे लोक एकत्र खेळू शकतात. सोबत्याविषयीचा विश्वास ही यंत्राचीच कार्यपद्धती व्हावी, यात मला या खेळाच्या वृत्तीची तांत्रिक परिणती दिसते.

1994 सालच्या तिसऱ्या भागानंतर तब्बल 26 वर्षांनी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’चा चौथा भाग प्रसिद्ध झाला तो 30 एप्रिल 2020 रोजी, जगातील फार मोठी लोकसंख्या महामारीमुळे घरात कोंडली गेली असताना. भेटीगाठींना बंदी असलेल्या त्या काळात दोन घरांतील दोन माणसांना एका चौकटीत आणून सोडणारा खेळ किती मोलाचा होता हे सांगण्यास निराळ्या प्रमाणाची गरज नाही. अशी भेट खरी नव्हे, असे म्हणणारे भेटीची व्याख्या केवळ देहांच्या सान्निध्यावर करतात. परंतु मित्रांना एकत्र ठेवते ती समान कर्मात गुंतण्याची संधी; दोन शहरांत पांगलेले जुने सवंगडी दूरध्वनीवर बोलायला बसले की कुशल विचारून झाल्यावर पाच मिनिटांत विषय संपतो, पण समोर एक पूल ओलांडायचा असेल आणि त्यावर वीस गुंड उभे असतील, तर तासभर बोलणे आपसूक चालते. अनोळखी भिडूशी तर बोलणेही होत नाही. चालू खेळात कोणत्या तरी देशातला कोणी तरी येऊन सामील होतो, आपल्यामागे उभा राहून पाठ सांभाळतो, पिझ्झा आपल्यासाठी सोडून देतो, आणि टप्पा संपल्यावर निघून जातो. नावगाव ठाऊक नसताना झालेले हे सौजन्य क्षुद्र मानण्याचे कारण मला दिसत नाही.

तथापि आंतरजालाने या प्रकाराला जसा आश्रय दिला तसा एक धोकाही दिला, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला दक्षिण कोरियातला आहे. निओपल कंपनीने 2005 मध्ये आणलेला ‘डन्जन फायटर’ हा बीट-एम-अपच्या रचनेवर उभारलेला, हजारो लोकांनी एकाच विश्वात वावरण्याचा खेळ आहे. 2008 मध्ये नेक्सॉन या कंपनीने निओपल विकत घेतली, त्याच वर्षी टेन्सेंट या कंपनीमार्फत तो खेळ चीनमध्ये गेला, आणि कोट्यवधी खेळणाऱ्यांच्या बळावर जगातील सर्वाधिक उत्पन्न देणाऱ्या खेळांत जाऊन बसला. पडद्यावरील बहुतेक खेळ त्रिमितीकडे वळले असताना द्विमित मारामारीचे सौष्ठव त्याने जिवंत ठेवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. दिवसाकाठी खर्च करता येईल अशा ‘थकव्या’ची मर्यादा घालून सलग खेळण्याला काही आळाही त्याने घातला. पण त्याने वीराच्या बाहूंतील बळ हातांच्या सरावातून काढून संपत्तीच्या दप्तरात नोंदवले. शस्त्राचा दर्जा, पोशाखाचे गुण, पात्राची पातळी यांवर पराक्रम ठरू लागला. शस्त्र अधिक धारदार करण्याच्या प्रयत्नात ठरावीक मर्यादेपलीकडे अपयश आले तर ते शस्त्रच नष्ट होण्याचा जुगार त्यात आला. नवशिक्याला सोबत घेण्यापूर्वी त्याची सामग्री तपासली जाऊ लागली. पार्लरमध्ये ज्या चौकशा कोणी करीत नसे त्या येथे, निराळ्या वेषात, परत आल्या. हुद्दा परत आला, ऐपत परत आली. सहयोद्धा हा सहयोद्धा न राहता उपयुक्ततेचा एक आकडा होतो, तेव्हा चौकट एक असली तरी साहचर्य भंगलेले असते.

याच्या जोडीला मालकीचा प्रश्न आहे. उत्तर अमेरिकेतील ‘डन्जन फायटर’चा कारभार 2013 मध्ये गुंडाळला गेला, तेव्हा तेथील लोकांच्या वर्षानुवर्षांच्या कमाईला काही अर्थ उरला नाही; 2015 मध्ये निओपलने तो स्वतः पुन्हा सुरू केला. ज्या मैदानावर लोकांच्या मैत्रीची जडणघडण होते, ते मैदान एका हुकुमासरशी बंद करण्याचा अधिकार कोणाही एकाच्या हाती असावा काय, हा प्रश्न या खेळानेही आपल्यापुढे उभा केला आहे. सर्व्हर बंद झाला तरी दोन यंत्रांना परस्पर जोडून खेळता येईल अशी तरतूद ठेवणे हे रचनाकाराचे कर्तव्य मानले जावे, असे मला वाटते.

या सर्व विवेचनातून एक कसोटी हाती येते आणि ती या प्रकाराच्या कोणत्याही कृतीला लावता येईल. तिची चौकट सर्वांना बांधून ठेवते काय? तिच्यातील बळ सरावाने मिळते की पैशाने? आणि तिला शेवट आहे काय? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम जोडतो, कारण जुन्या बीट-एम-अपचे एक मोठे औदार्य असे की तो तास-दीड तासात संपतो; वीर अंतिम शत्रूला पाडतात, नामावळी सरकते, आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. ज्याला शेवट आहे त्याची आठवण होते. ज्याला शेवटच नाही त्याची केवळ सवय लागते. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना किती वेळ खेळलात असे विचारण्याबरोबरच कोणाबरोबर खेळलात आणि कोणत्या अटींवर, हेही विचारावे. कारण एकाच प्रकारच्या दोन खेळांपैकी एक मुलाला सोबत्यासाठी थांबायला शिकवतो आणि दुसरा त्याची किंमत करायला शिकवतो, व वरवर पाहता दोहोंत तीच मारामारी दिसते. सर्व काही आपापल्या स्वतंत्र पडद्यावर, आपापल्या गतीने उपभोगण्याची सोय झालेल्या या काळात, मागे राहिलेला सोबती आल्यावाचून पुढची वाट उघडत नाही असा नियम ज्याने आपल्या गाभ्याशी जपला आहे, तो क्रीडाप्रकार सामान्य अभिरुचीचा म्हणून हिणवण्याजोगा नाही. तो नियम जेथे अबाधित आहे तेथे त्याची बाजू निःसंकोचपणे घ्यावी, आणि जेथे तो पैशासाठी विकला गेला आहे तेथे तितक्याच स्पष्टपणे विरोध करावा.